निळं पडलेलं टूल आणि बेथलेहेममधला फसलेला डेमो

लेथवर (धातूचा तुकडा फिरवत त्याला टूल लावून कापायचं मशिन) काम शिकलेल्या चार जणांना विचारा की ग्राइंडरवर धार मारताना टूलचं टोक निळं पडलं तर काय करायचं. दोघं म्हणतील गेलं टूल, तेवढा भाग घासून काढ आणि परत धार मार, आणि दोघं म्हणतील काही होत नाही रे, बांध आणि चालव. गंमत म्हणजे चौघंही बरोबर असतात. पहिले दोघं साध्या कार्बन पोलादाबद्दल बोलतायत (छिन्नी, कानस, जुने रंध्याचे पातं वगैरे) आणि दुसरे दोघं एचएसएसबद्दल, म्हणजे हायस्पीड स्टील. निळा रंग साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास येतो. तेवढ्यात कार्बन पोलादाचं पाणी उतरतं, धार मऊ होते, एचएसएसला मात्र त्याचं काहीच वाटत नाही, ते ६०० अंशांच्या जवळपास म्हणजे टोक अंधारात लालसर दिसायला लागलं तरी कापत राहतं.

आता हे एचएसएस कसं सापडलं ते प्रकरण नीट मांडायचा खूप दिवसांपासून विचार होता, कारण ते शोधणारा अमेरिकन माणूस म्हणजे टेलर, आणि आपल्याकडे डिप्लोमाला टेलर म्हटलं की एकतर टूल लाइफचं (टूल किती वेळ टिकतं त्याचं) समीकरण नाहीतर स्टॉपवॉच घेऊन कामगारांच्या मागे उभा राहणारा माणूस, एवढंच शिकवतात, आणि मधली खरी गोष्ट, म्हणजे एक डेमो सगळ्यांसमोर फसला आणि त्यातून हे बाहेर आलं, ती कुणी सांगत नाही.

आधी परिस्थिती कशी होती ते बघू. एकोणिसाव्या शतकात लेथचं टूल म्हणजे जास्त कार्बनचं पोलाद, भट्टीत लाल करायचं, पाण्यात बुडवायचं, मग थोडं परत तापवून ठिसूळपणा घालवायचा. आपल्या लोहारकामात ज्याला पाणी पाजणं म्हणतात तेच. हे टूल गरम झालं की मेलं, त्यामुळे कापायचा वेग फार कमी ठेवावा लागे. मध्यम पोलादावर मिनिटाला साधारण १६ फूट, म्हणजे पाच मीटरच्या आत. आजचा पोरगा बघून झोपी जाईल एवढा हळू.

मग १८६८ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट मशेट नावाच्या माणसानं टंगस्टन घातलेलं एक पोलाद काढलं. ते पाण्यात बुडवायचीच गरज नाही, तापवून नुसतं हवेत ठेवलं की आपोआप कडक. म्हणून त्याला सेल्फ हार्डनिंग म्हणत. मशेटनं त्यात काय घातलंय ते गुपित ठेवलेलं होतं, पुढे शेफील्डच्या सॅम्युअल ऑसबॉर्नच्या कारखान्यात ते बनायला लागलं. त्यानं वेग १६ वरून २६ फुटांच्या आसपास गेला. बरं वाटलं लोकांना, पण बहुतेक जणांनी ते वेग वाढवायला वापरलंच नाही, कडक जॉब (कापायचा तुकडा) आला की काढायचं, एरवी पेटीत. हेही आपल्याकडे चालतंच, महागाचं टूल आणून ठेवायचं आणि 'खास कामासाठी' म्हणत कधीच बांधायचं नाही.

आता फ्रेडरिक विन्स्लो टेलर. जन्म १८५६, फिलाडेल्फिया, खात्यापित्या घरातला. पण कॉलेजला न जाता पॅटर्नमेकर आणि मशिनिस्टचं काम शिकला आणि १८७८ मध्ये मिडव्हेल स्टील कंपनीत साधा कामगार म्हणून लागला, तिथून वर चढत गेला. फोरमन झाल्यावर त्याची कामगारांशी रोज बाचाबाची, हा म्हणणार काम जास्त निघू शकतं, ते म्हणणार नाही निघत. आणि याच्याकडे उत्तर नव्हतं, कारण अमुक पोलाद अमुक खोलीचा कट घेऊन किती वेगानं कापता येतं हे जगात कुणालाच नक्की माहीत नव्हतं, सगळं मिस्त्रीच्या हातात आणि कानात. तर त्यानं १८८० मध्ये कंपनीचे अध्यक्ष विल्यम सेलर्स यांच्याकडून प्रयोगाची परवानगी काढली. ६६ इंची म्हणजे साडेपाच फूट व्यासाची एक उभी बोअरिंग मिल आणि तिच्यावर रेल्वे इंजिनच्या चाकांच्या पोलादी धावा (चाकावर बसवायची कडी), कारण ते पोलाद कडक आणि सगळीकडून एकसारखं, त्यामुळे एका प्रयोगाची दुसऱ्याशी तुलना करता येते. त्याला वाटलेलं सहा महिन्यात संपेल. संपलं २६ वर्षांनी. मध्ये कंपन्या बदलल्या, माणसं बदलली, पण नोंदवह्या चालू. ३० ते ५० हजार प्रयोग आणि आठ लाख पौंडांच्या वर, म्हणजे साडेतीनशे टनांहून जास्त पोलादाच्या चिप्स (कापताना निघणारा चुरा) झाल्या असं त्यानंच नंतर सांगितलंय. भंगारवाला काय खूश असेल.

मिडव्हेलमध्येच एक छोटा शोध लागला होता तो सांगतो, कारण तो आपल्या रोजच्या कामातला आहे. चिप जिथे टूलवर दाबते नेमक्या त्या जागी पाण्याची चांगली जाड धार सोडली तर वेग ३० ते ४० टक्के वाढवता येतो. त्याआधी पाणी मारायचे ते थेंब थेंब, चकाकी येण्यापुरतं. मिडव्हेलनं मग मशिनखाली पाणी परत गोळा करायची सोय केली. आणि बाकीच्या कारखान्यांनी कित्येक वर्षं हे उचललंच नाही, गुपित होतं असंही नाही, कुणीही येऊन बघू शकत होतं. मला वाटतं लोकांना फुकटात दिसलेली गोष्ट खरी वाटतच नाही.

बेथलेहेम, १८९८

पेनसिल्व्हेनियातली बेथलेहेम कंपनी (तेव्हा बेथलेहेम आयर्न, वर्षभरात नाव बदलून बेथलेहेम स्टील) तोफा आणि युद्धनौकांच्या चिलखती प्लेटा बनवायची. फोर्जिंग (तापवून ठोकून आकार देणं) धडाधड होत होतं, अडायचं सगळं दोन नंबरच्या मशिनशॉपमध्ये. मोठमोठे लेथ पण माल पुढे सरकत नाही. त्यासाठी टेलरला सल्लागार म्हणून आणलं. (लोखंडाच्या कांड्या वाहणाऱ्या मजुराची ती गाजलेली गोष्ट, रोज साडेबारा टनांवरून साडेसत्तेचाळीस टन, तीसुद्धा इथलीच, पण ती वेगळी भानगड आहे आणि तिच्यावर भांडायला बसलो तर रात्र जाईल.)

टेलरनं ठरवलं की शॉपमध्ये दहा प्रकारचं टूल स्टील आणि दहा प्रकारचे आकार चालणार नाहीत, रफिंगसाठी (सुरुवातीच्या जाड कापणीसाठी) एकच पोलाद ठरवायचं. मशेटचं, मिडव्हेलचं आणि आणखी काही सेल्फ हार्डनिंग पोलादं घेऊन एका लेथवर चाचण्या केल्या. त्यात मिडव्हेलचं सरस निघालं. ठीक. मग शॉपचे फोरमन, सुपरिंटेंडेंट सगळ्यांना गोळा केलं की बघा, हे आपण का निवडलं ते डोळ्यांनी बघा म्हणजे नंतर कटकट नको. टूलं नव्यानं घडवून, तापवून आणली, लेथ सुरू केला आणि साहेबांनी निवडलेलं टूल सगळ्यांत वाईट चाललं! बाकीची पोलादं त्याच्यापुढे गेली. फोरमन लोकांचे चेहरे कसे असतील ते मी सांगायला नको, बाहेरून आलेला हुशार माणूस तोंडावर पडला की शॉपफ्लोअरवर जो एक शांत आनंद पसरतो तो जगभर सारखाच असणार.

इथे दोन रस्ते होते. एक म्हणजे गुपचूप दुसरं पोलाद निवडायचं आणि विषय मिटवायचा. दुसरा म्हणजे हे का झालं ते शोधायचं. पहिल्या चाचणीतलं टूल आणि डेमोतलं टूल, पोलाद तेच, आकार तोच, मग फरक कुठे? संशय गेला लोहाराच्या भट्टीवर. टूल जास्त तापवून 'जाळलं' असणार. तेव्हाचा सगळ्यांचा पक्का समज होता की टूल स्टील एका ठराविक लाल रंगापर्यंतच तापवायचं, त्याच्या पुढे गेलं की पोलाद मेलं, परत सुधारत नाही. पोलाद विकणारे तशा सूचनाच लिहून द्यायचे आणि प्रत्येक लोहाराला बापानं हेच शिकवलेलं.

म्हणून टेलरनं कंपनीतला धातुतज्ज्ञ माउन्सेल व्हाइट याला बरोबर घेतलं आणि दोघांनी ठरवलं की एकाच पोलादाची बरीच टूलं घ्यायची, प्रत्येक थोड्या थोड्या जास्त तापमानाला तापवायचं, अगदी वितळायला येईपर्यंत, आणि एकेक लेथवर चालवून बघायचं. लक्षात घ्या, उद्देश काय होता? नवीन काही शोधायचा नव्हता. किती तापवल्यावर टूल बिघडतं ती रेघ नक्की करायची होती, म्हणजे लोहाराला सांगता येईल की याच्या पुढे जाऊ नकोस. थोडक्यात, समज खराच आहे हे सिद्ध करायला बसले होते. आणि रंगावर भरवसा न ठेवता तापमान आकड्यात मोजायचं होतं, प्लॅटिनमच्या तारांचे पायरोमीटर तोवर आलेले होते त्यामुळे ते शक्य झालं. डोळ्याचा रंग ढगाळ दिवशी वेगळा आणि उन्हात वेगळा, हे भट्टीपुढे उभं राहिलेल्या कुणालाही माहीत आहे.

झालं असं की ८४० अंश सेल्सिअसपर्यंत (१५५० फॅरनहाइट) टूलं ठीक चालली. त्याच्या पुढे ९४० पर्यंत (१७२५ फॅरनहाइट) बिघडत गेली, अगदी समजुतीप्रमाणे. इथवर आले असते आणि थांबले असते तर रेघ सापडली होती, काम झालं होतं, लोहार बरोबर ठरला असता. पण यादीतली वरची टूलंही चालवायचीच होती म्हणून चालवली, आणि ९४० च्या पुढे टूलं परत सुधारायला लागली. जितकी जास्त तापवलेली तितकी जास्त चांगली, आणि ज्यांना वितळायच्या काठापर्यंत नेलं होतं, टोकाला पोलाद पाझरायला लागलंय अशी, ती सगळ्यांत भारी. नुसती बरी नाहीत, आधी कुणी बघितलेल्या कुठल्याही टूलपेक्षा दुपटीहून जास्त वेग.

मला यातली ती १०० अंशांची मधली पट्टी सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पिढ्यान् पिढ्यांचे लोहार चुकीचे नव्हते हो. ते त्या खड्ड्यापर्यंत गेले, टूल बिघडलं, मागे फिरले, पोराला सांगितलं पुढे जाऊ नको. खड्ड्याच्या पलीकडे डोंगर आहे हे कळायला आधी खड्ड्यात पूर्ण उतरून पुढे चालत राहणारा कुणीतरी वेडा लागतो, किंवा मग असा माणूस की ज्यानं आधीच तक्ता आखून ठेवलाय आणि रकाना रिकामा सोडायची त्याला सवय नाही. टेलर दुसऱ्या जातीचा.

आणखी एक पायरी पुढे सापडली. एवढं तापवून थंड केलेलं टूल परत साधारण ६०० अंशांच्या आसपास, वितळलेल्या शिशाच्या कुंडात वगैरे, थोडा वेळ धरलं तर आणखी सुधारतं. हेही उलटंच! कार्बन पोलाद ६०० ला धरलं तर खिळा ठोकायच्या लायकीचं राहणार नाही.

आता असं का होतं ते साध्या भाषेत सांगतो. टंगस्टन आणि क्रोमियम पोलादातल्या कार्बनला घट्ट धरून बसतात, त्यांचे फार कडक असे कण असतात, कार्बाइड म्हणतात. नेहमीच्या लाल तापमानाला हे कण विरघळतच नाहीत, डाळीत न शिजलेले खडे राहावेत तसे राहतात, त्यामुळे टंगस्टन घालूनही त्याचा खरा फायदा मिळतच नव्हता, मशेटच्या पोलादात तीस वर्षं हा ऐवज पडून होता असं म्हणा. तापमान १२०० च्या वर नेलं की ते कण बऱ्यापैकी विरघळून पोलादात मिसळतात. मग थंड केल्यावर टंगस्टन आणि क्रोमियम आतच अडकून राहतात. आणि ५५०-६०० ला परत तापवलं की ते अतिशय बारीक कणांच्या रूपात सगळीकडे पसरून बाहेर येतात आणि कडकपणा उलट वाढतो. आणि एकदा ५५०-६०० ला कडक झालेली गोष्ट कापताना तेवढीच तापली तर मऊ का होईल? म्हणून लालसर टोकानं कापणारं टूल. तेव्हा टेलर आणि व्हाइटला हे आतलं काही माहीत नव्हतं, सूक्ष्मदर्शकाखालचा हा हिशोब पुढे लोकांनी लावला, त्यांच्याकडे फक्त तापमान आणि वेग यांचा तक्ता होता.

मग शॉपमध्ये काय बदललं

बेथलेहेमच्या दोन नंबर शॉपचे आधीचे आणि नंतरचे सरासरी आकडे नोंदवलेले आहेत आणि ते बघण्यासारखे आहेत. कापायचा वेग मिनिटाला ८ फूट ११ इंचांवरून २५ फूट ३ इंच. कटची खोली पाव इंचाच्या जरा खालून (०.२३) ०.३० इंच. फीड (एका फेरीत टूल किती पुढे सरकतं ते) ०.०७ वरून ०.०८७ इंच. आणि या सगळ्याचा गुणाकार म्हणजे एका मशिनवर ताशी उतरणारं लोखंड, ३१ पौंडांवरून १३७ पौंड. म्हणजे १४ किलोवरून ६२ किलो. तीच इमारत आणि बहुतेक लेथही तेच. छताखालून जाणारी मेन लाइन शाफ्ट, जिच्यावरून पट्ट्यानं सगळे लेथ फिरायचे, तिचा वेग मिनिटाला ९६ फेऱ्यांवरून २५० करावा लागला.

अर्थात यातलं सगळं श्रेय पोलादाचं नाही. टेलरबरोबर कार्ल बार्थ नावाचा नॉर्वेहून आलेला गणिती डोक्याचा माणूस होता, त्यानं पोलादाचा कडकपणा, खोली, फीड, मशिनची ताकद असे १२ घटक एकत्र धरून वेग काढून देणारी खास स्लाइड रूल (सरकत्या पट्टीचं हिशोबाचं साधन) बनवली, आणि हेन्री गँट (तोच, गँट चार्टवाला) पण तिथेच होता. त्यामुळे नवं टूल आणि ते कसं वापरायचं याचा हिशोब, दोन्ही एकदम शॉपमध्ये आलं. आपल्याकडे बऱ्याचदा नुसतं पहिलं येतं. नवीन इन्सर्ट (टूलच्या टोकाला बसवायचे कापणारे तुकडे) आणायचे आणि जुन्याच आरपीएमला चालवून म्हणायचं फरक काही पडला नाही, पैसे गेले. मशेटच्या वेळचीच गोष्ट झाली ना ही?

१९०० मध्ये पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, तिथे बेथलेहेमनं लेथ लावून दाखवला. टूलचं टोक लालसर, चिप निळी होऊन सुटतेय आणि टूल तरी चालूच. युरोपातले इंजिनियर येऊन उभे राहायचे. बर्लिनच्या लुडविग लोव कंपनीनं ही टूलं आपल्या चांगल्या लेथवर आणि ड्रिल मशिनवर लावून पूर्ण ताकदीनं चालवली तर महिन्याच्या आत मशिनंच खिळखिळी होऊन भंगारात गेली, टूलं शाबूत. मला हा प्रकार फार आवडतो कारण तोपर्यंत मशिन पुरून उरायचं आणि टूल कमी पडायचं, आता एकदम उलटं. लेथचा बेड, स्पिंडल, बेअरिंग, गिअर, सगळं नव्यानं आणि वजनदार करावं लागलं, पट्ट्याच्या पायरीवाल्या पुल्या अपुऱ्या पडल्या, प्रत्येक मशिनला स्वतंत्र मोटार देण्याला यामुळे आणखी जोर आला. एक इंचाच्या चौकोनी तुकड्यानं मशिन टूल बनवणाऱ्या सगळ्या धंद्याला ड्रॉइंग बोर्डवर परत बसवलं.

पोलादही थांबलं नाही. टेलरनं डिसेंबर १९०६ मध्ये अमेरिकन मेकॅनिकल इंजिनियर्सच्या संस्थेचा अध्यक्ष म्हणून २६ वर्षांचं सगळं काम एकत्र मांडलं, तोवर चांगल्या टूलमध्ये टंगस्टन १८ टक्क्यांच्या आसपास, क्रोमियम साडेपाच, कार्बन जेमतेम पाऊण टक्का आणि थोडं व्हॅनेडियम असं झालं होतं आणि वेग ९९ फूट म्हणजे ३० मीटरवर पोचला होता. माइल्ड स्टीलवर एचएसएससाठी आजही तक्त्यात ३० मीटर लिहिलेलं असतं, बघा काढून. १८-४-१ हे जे नाव टूलवाल्याकडे ऐकू येतं (टंगस्टन, क्रोमियम, व्हॅनेडियम) ते याच्याच पुढचं. नंतर टंगस्टनची टंचाई झाल्यावर मॉलिब्डेनमवाली एम-२ वगैरे आली आणि आता बाजारात जास्त तीच दिसतात.

त्याच भाषणातलं ते टूल लाइफचं समीकरण, वेग गुणिले आयुष्याचा एन घात बरोबर स्थिरांक. परीक्षेत गणितं सोडवून विसरून गेलेलो असतो आपण, पण एचएसएससाठी एन साधारण एक अष्टमांश धरला तर त्याचा अर्थ फार जहाल आहे, वेग नुसता १० टक्के वाढवला तर टूलचं आयुष्य निम्म्याहून कमी होतं आणि २० टक्के वाढवला तर पाव राहतं. म्हणून 'थोडंसंच तर वाढवलं' म्हणणाऱ्या ऑपरेटरची टूलं दिवसात चारदा ग्राइंडरवर जातात.

कोर्टात

टेलर आणि व्हाइट यांना १९०१ मध्ये दोन पेटंट मिळाली, एक प्रक्रियेचं आणि एक तशा टूलचं, आणि हक्क बेथलेहेमकडे. पण त्याच वर्षी कंपनीशी बिनसून टेलर तिथून बाहेर पडला. आणि इकडे शेफील्डपासून अमेरिकेपर्यंत सगळ्या पोलादवाल्यांनी उच्च तापमानाची युक्ती उचलली, पॅरिसला डोळ्यांनी बघितलेली गोष्ट कोण सोडतंय. शेवटी बेथलेहेमनं नाइल्स बेमेंट पाँड या मशिन टूल कंपनीवर दावा लावला. १९०९ मध्ये न्यू जर्सीच्या केंद्रीय कोर्टानं निकाल दिला तो बेथलेहेमच्या विरोधात, पेटंट टिकत नाही. मुद्दा असा की असं पोलाद जास्त तापवणं हे आधीपासून चालतच होतं, तेव्हा यात नवा शोध कसला.

या निकालावर मी बराच विचार केलाय आणि माझं मत अजून डगमगतं. एका बाजूनं खरंच आहे, कुठल्या ना कुठल्या लोहाराच्या हातून कधीतरी टूल जास्त तापलं असेल आणि ते चांगलंही चाललं असेल, आणि खरं तर बेथलेहेमच्या त्या डेमोत जे टूल बिघडलं तेसुद्धा अशाच हातचुकीनं. पोलाद नवं नव्हतं, भट्टीही नवी नव्हती. पण त्या लोहाराला ते दुसऱ्या दिवशी परत करता आलं असतं का? नसतं. त्याला एक नशीबवान टूल मिळालं असतं, त्यानं ते जपून वापरलं असतं आणि मेल्यावर तसं टूल परत होणे नाही म्हणून गोष्ट सांगितली असती. किती अंशांना बिघडतं, किती अंशांना सुधारतं आणि नंतर परत कितीला धरायचं हे तीन आकडे नसतील तर हातात काहीच नाही. कायद्यात कदाचित कोर्ट बरोबर असेल, आणि पेटंट पडल्यामुळे हे पोलाद सगळ्यांना मोकळं मिळालं हेही चांगलंच झालं. पण ग्राइंडरपुढे उभा राहून बघितलं तर मला शोध त्या आकड्यांतच दिसतो.

दुसरी बाजू पण लिहितो नाहीतर हे टेलरचं आरतीसंग्रह होईल. आधी प्रत्येक मिस्त्री आपलं टूल आपल्या अंदाजानं घासायचा, स्वतःचा कोन, स्वतःचा नाकाचा गोलवा, आणि लोहाराशी त्याचं स्वतःचं नातं. टेलरनं हे सगळं काढून टूलरूममध्ये नेलं, ठराविक आकार, ठराविक कोन, घासायला वेगळं मशिन, मिस्त्रीनं फक्त येऊन टूल घ्यायचं आणि स्लाइड रूलवाल्यानं लिहून दिलेल्या वेगानं चालवायचं. तांत्रिक दृष्ट्या बरोबर आहे, लाल-निळ्या रंगाच्या अंदाजावर १२५० अंशांची प्रक्रिया चालूच शकत नाही, दहा-वीस अंश इकडेतिकडे झाले तर टोक वितळतं. पण ज्या माणसाला काल चार गोष्टी कळत होत्या त्याला आज एकच विचारली जाते, हे त्या माणसाला आवडलं नसणार आणि नाहीच आवडलं, टेलरच्या पद्धतींविरुद्ध पुढे जी ओरड झाली तिचं मूळ थोडं इथेही आहे.

आपल्याकडे बघा. शिरोलीत, भोसरीत, सातपूरमध्ये कुठल्याही जॉब शॉपमध्ये आता कार्बाइड इन्सर्ट आहेत, सीएनसी आहेत, पण कोपऱ्यातल्या जुन्या लेथवर अर्धा इंची एचएसएस बिट असतोच, फॉर्म टूल करायला, आटे कापायला, एखादा विचित्र खाचेचा जॉब आला तर. ड्रिल तर बहुतेक एचएसएसचेच, आणि मोठ्या ड्रिलची शँक (मशिनमध्ये धरायचा मागचा भाग) साध्या पोलादाची, पुढचा कापणारा भाग तेवढा एचएसएसचा आणि दोन्ही वेल्ड करून जोडलेले, नीट बघितलं तर कधीकधी तो जोड रंगावरून ओळखू येतो. भंगारातून आणलेला तुकडा एचएसएस आहे का ते बघायचं असेल तर ग्राइंडरला लावा, साध्या कार्बन पोलादाच्या ठिणग्या पांढऱ्या-पिवळ्या आणि फुलबाजीसारख्या फुटतात, एचएसएसच्या मात्र कमी, मंद, तांबूस, फारशा न फुटता विझतात.

आणि धार मारायचं काम आपल्या मिस्त्रीकडेच राहिलंय. टूलरूम वगैरे परवडते कुणाला, चार माणसांचं शॉप. तो डोळ्यानं कोन बघतो, ग्राइंडरवर टेकवतो, टोक निळं पडतं, पाण्याच्या डब्यात बुडवतो (एचएसएसला एकदम गार पाण्यात बुडवू नये, बारीक चिरा जातात, पण सांगून कोण ऐकतंय) आणि बांधून चालवतो. उष्णतेचा जो सगळा खेळ आहे, ते बाराशेच्या वरचं तापवणं आणि साडेपाचशेला दोन-तीनदा धरणं, ते बिट बनला तेव्हाच कारखान्यात होऊन आलेलं असतं आणि पुडीवर त्यातलं काहीच लिहिलेलं नसतं, फक्त ग्रेडचा नंबर आणि साइज.